सलाईनमध्ये जेवण असतं का? शस्त्रक्रियेनंतरचं शिरेतलं पोषण आणि राहून जाणारी जीवनसत्त्वं

(भंडारदरा इथं दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषयाचं नाव जरा जड वाटेल, पण त्यामागचा प्रश्न अगदी घरातला आहे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटजवळ बसलेले नातेवाईक आम्हाला तो या ना त्या शब्दांत रोज विचारतात. "साहेब, चार दिवस तोंडात काही नाही, पण सलाईन चालू आहे ना? मग ताकद जातेय अंगात." काही जण त्याच्या पुढे जाऊन "ती पिवळी बाटली लावा, ताकदीची" असंही सांगतात. तेव्हा आज आपण बाटलीत काय असतं आणि काय नसतं, तिथूनच सुरुवात करू.

नेहमीची पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. पाच टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम. म्हणजे बाटलीत २५ ग्रॅम साखर, बाकी सगळं पाणी. त्यातून शरीराला साधारण ८५ किलोकॅलरी मिळतात. नाचणीची एक बरी भाकरी याहून जास्त देते. दिवसभरात अशा सहा बाटल्या दिल्या, म्हणजे तीन लिटर पाणी चढवलं, तरी आकडा जातो ५१० वर. पडून असलेल्या माणसालाही याच्या तिप्पट लागतं. आणि जी बाटली मिठाच्या पाण्याची असते, तिच्यात तर कॅलरी शून्य. सलाईनचं काम पाणी आणि क्षार भरून काढायचं. ते काम ती उत्तम करते, जीव वाचवते. जेवणाचं काम तिला दिलंच कुणी नव्हतं, ते आपण आपल्या मनानं तिच्यावर टाकलं.

मग शिरेतून खरंखुरं जेवण देता येत नाही का? येतं. पण त्याला फार उशीर लागला. अडचण अशी होती की पुरेसं अन्न द्यायचं तर साखर खूप दाट करावी लागते, आणि दाट साखर हाताच्या बारीक शिरेत सोडली की ती शीर जळते, सुजते, बंद पडते. पातळ करून द्यायचं तर इतकं पाणी जातं की फुप्फुसं भरतात. ही कोंडी १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला सुटली. जोनाथन ऱ्होड्स यांच्या विभागात काम करणाऱ्या स्टॅन्ली डड्रिक या तरुण सर्जननं हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली. तिथं रक्ताचा लोंढाच एवढा असतो की दाट साखर क्षणात पातळ होते. आधी त्यांनी बीगल जातीची कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली. मग जवळजवळ सगळं लहान आतडंच नसलेल्या एका नवजात मुलीला हे पोषण दिलं आणि ती वाढू लागली. १९६८ साली हे प्रसिद्ध झालं. इकडे स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनच्या तेलाचं शिरेतून देता येईल असं दुधासारखं पांढरं मिश्रण तयार केलं होतंच. साखर, अमिनो आम्लं, तेल, क्षार, असं सगळं जुळून आलं. यालाच आम्ही टीपीएन म्हणतो, म्हणजे पूर्ण पोषण शिरेतून.

'पूर्ण' हा शब्द मात्र जपून घ्यायचा. का, ते आता बघू.

आपण घरी जेवतो तेव्हा एखादी गोष्ट राहून गेली तरी दुसरीकडून भरून निघते. भाजी नसली तर वरण असतं, वरण नसलं तर भाकरीत काहीतरी असतं. शिरेतून जेवणाऱ्या माणसाला हा शेजारधर्म नाही. पिशवीत जे घातलं तेवढंच त्याच्या अंगात जातं. एक घटक राहिला, तर तो त्याला जगाच्या पाठीवर कुठूनच मिळत नाही. २००३ साली इस्रायलमध्ये तान्ह्या बाळांच्या सोयाबीनच्या पावडरमध्ये ब-१ जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच, हे लक्षात येईपर्यंत काही बाळं गेली आणि काही कायमची अधू झाली. ती बाळं तोंडानंच दूध पीत होती, पण त्यांचं सगळं अन्न त्या एकाच डब्यातून येत होतं. टीपीएनच्या पेशंटची अवस्था नेमकी हीच असते, फक्त डब्याच्या जागी पिशवी.

तर हे ब-१, थायमिन. आज आमचा सगळ्यात जास्त वेळ यावरच जाणार आहे. जीवनसत्त्वं तेरा आहेत, पण पेशंटला सगळ्यात लवकर आणि सगळ्यात चोरपावलांनी मारणारी उणीव हीच.

तुम्ही धरणाकाठची माणसं, त्यामुळे साठ्याचा हिशेब तुम्हाला सांगायला नको. आपलं हे धरण ११ टीएमसीचं. एक पावसाळा कमी झाला तरी काही दिवस निभावतं. शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा असा धरणासारखा असतो, यकृतात वर्षानुवर्षं पुरेल एवढा. थायमिनचं तसं नाही. ते म्हणजे दारातलं टिपाड. निरोगी, नीट जेवणाऱ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन असतं. रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार तुम्हीच करा. पुरवठा थांबला की अठरा-वीस दिवसांत टिपाडाचा तळ दिसतो. आणि हा हिशेब निरोगी माणसाचा झाला.

आता समजा, इथल्याच एखाद्या पाड्यावरचा चाळिशीचा गडी आहे. आतड्याच्या टीबीनं आतडं एका जागी आवळत चाललंय. आपल्याकडे हे दुर्मीळ नाही. दोन महिने जेवलं की पोट दुखतं, म्हणून तो अर्धीच भाकरी खातो. वजन उतरलंय. आवणी चालू आहे, म्हणून दवाखाना पुढे ढकलतो. एक दिवस पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, गॅस सरत नाही. राजूर, तिथून संगमनेर नाहीतर नाशिक, असं करत तो टेबलावर येईपर्यंत आणखी तीन-चार दिवस गेलेले असतात. ऑपरेशन होतं, खराब आतडं काढून टोकं जोडतात. पाचव्या-सहाव्या दिवशी जोड गळतो. पोटातून काही द्यायचं नाही असं ठरतं. मग शिरेतून पोषण सुरू होतं.

त्याच्या टिपाडात त्या दिवशी किती होतं? दोन महिने अर्धपोटी, मग उलट्या, मग नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्या. टिपाड अर्धं तर सोडाच, बुडाशी आलेलं असणार. आणि बरोबर त्याच दिवशी आपण त्याच्या शिरेत रोज दोन-अडीचशे ग्रॅम साखर ओतायला लागतो.

इथं रसायनशास्त्र थोडं समजून घ्यावं लागेल, पण थोडंच. साखर पेशीत गेली की तिचे तुकडे होत होत पायरुवेट नावाचा पदार्थ तयार होतो. तो पुढच्या भट्टीत गेला की भरपूर ऊर्जा निघते. त्या भट्टीच्या दाराची किल्ली म्हणजे थायमिन. किल्ली नसली तर दार बंद. साखर तर मागून येतच राहते. मग पायरुवेट दारातच तुंबतं आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. रक्त आंबट होत जातं. श्वास वाढतो, रक्तदाब पडतो, नाडी धावते. म्हणजे जितकं जास्त जेवण द्याल तितकं विष साठत जातं. उपाशी माणसापेक्षा नुसती साखर मिळणारा माणूस लवकर बिघडतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण हे आहे.

आणि सगळ्यात वाईट भाग असा की हे सगळं दिसतं हुबेहूब जंतुसंसर्गासारखं. ऑपरेशन झालेला पेशंट, जोड गळलेला, श्वास वाढलाय, बीपी पडलंय, लॅक्टेट चढलंय. कोणताही डॉक्टर आधी पू शोधणार. स्कॅन होतो, अँटिबायोटिक बदलतात, सोडा बायकार्बोनेट देतात. त्यानं फरक पडत नाही. पू शोधायलाच हवा, त्यात चूक काहीच नाही. आमचं म्हणणं एवढंच की शोध चालू असतानाच थायमिनचं इंजेक्शन देऊन टाका. उणीव असेल तर काही तासांत रक्ताचा आंबटपणा उतरायला लागतो. नसेल तर जास्तीचं थायमिन लघवीवाटे निघून जातं. इतका स्वस्त आणि इतका निरुपद्रवी उपाय आमच्या धंद्यात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही बरं का. १९८८ साली अमेरिकेत शिरेतून द्यायच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला. थायमिनशिवाय टीपीएन मिळालेले तीन पेशंट अशाच लॅक्टिक आम्लानं दगावले. सरकारी साथरोग पत्रिकेत ते छापून आलं. तरी १९९७ साली पुन्हा तुटवडा पडला आणि पुन्हा तसेच पेशंट दिसले. जपानचं तर आश्चर्यच वाटतं. बेरीबेरी म्हणजे काय हे ज्या देशानं आपल्या नौदलात भोगलं, आणि ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरनं १८८०च्या दशकात खलाशांचं जेवण बदलून ती आटोक्यात आणली, त्याच देशात शंभर वर्षांनी टीपीएनच्या पेशंटना हाच आजार झाला. १९९७ साली तिथल्या आरोग्य खात्याला तातडीची सूचना काढून सांगावं लागलं की थायमिन घातल्याशिवाय पिशवी लावू नका.

बेरीबेरीचा विषय निघालाच आहे तर तांदळाबद्दल दोन शब्द. हा भाताचा मुलूख आहे. काळभात, जिरवेल, आंबेमोहोर ही नावं इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावठी वाणं जपली, त्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेही तुम्हाला माहीत आहे. तांदळातलं थायमिन बहुतेक सगळं वरच्या तांबूस सालीत आणि अंकुरात असतं. उखळात कांडलेल्या तांदळावर ती साल बरीच राहते. गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केला की ती कोंड्यात जाते, आणि कोंडा जातो गुरांना. गुरं मजेत.

हे कळलंही कोंबड्यांमुळेच. १८९०च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या कोंबड्यांना अचानक पाय लुळे पडायचा आजार झाला आणि काही महिन्यांनी तो आपोआप गेला. चौकशी केली तर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा भात मिळत होता. मग नवा आचारी आला. त्याला काही पटेना, लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला? त्यानं तो बंद केला. कोंबड्या पुन्हा साध्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. आइकमनना १९२९ साली नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पुढे १९३६ साली थायमिन प्रयोगशाळेत बनवलं ते रॉबर्ट विल्यम्स यांनी, आणि हे गृहस्थ जन्मले होते आपल्याकडे, आंध्रातल्या नेल्लोरला.

परत आपल्या पेशंटकडे येऊ. थायमिनच्या उणिवेचा दुसरा घाव मेंदूवर होतो. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ साली तीन पेशंटचं वर्णन लिहिलं. दोघे दारूडे होते, म्हणून हा आजार दारूचा असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण त्यांची पहिली पेशंट वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी होती. तिनं सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, जठराचं तोंड आवळून बंद झालं होतं, आणि तिला सतत उलट्या होत होत्या. म्हणजे सरळसरळ सर्जनची पेशंट. ॲसिड प्यायलेले पेशंट आपल्याकडेही येतात, त्यांच्यात आजही हे बघायला मिळतं. पण "दारू पितो का?" "नाही." "मग व्हेर्निके नाही," असा हिशेब पक्का झालाय.

लक्षणं तीन सांगितली जातात. डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचे दोन दिसतात. चालताना तोल जातो. आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. पण शवविच्छेदनात हा आजार सापडलेल्या पेशंटचा एक अभ्यास १९८६ साली झाला, त्यात तिन्ही लक्षणं एकत्र दिसलेले होते शंभरातले सोळा. बाकीच्यांत एखाददुसरंच. आणि आपला गडी तर खाटेवर झोपूनच आहे, त्याचा तोल जातो की नाही हे कळणार कसं? राहिली बडबड. ती आयसीयूत बरेच जण करतात. घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं, आम्ही म्हणतो भूल अजून उतरली नसेल. सगळ्यांकडे एकेक कारण तयार असतं आणि दिवस जात राहतात. वेळ गेली तर स्मृती कायमची जाते. माणूस घरी येतो, पण सकाळी भेटलेली बहीण त्याला दुपारी आठवत नाही.

इथं नातेवाइकांचा मोठा उपयोग होतो, हे आम्ही मनापासून सांगतोय. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. तुम्ही चोवीस तास तिथं असता. "सिस्टर, काल संध्याकाळपासून दादा म्हणतोय की त्याला दोन-दोन माणसं दिसतात" किंवा "नजर अशी थरथरते" हे वाक्य वेळेवर कुणी बोललं तर त्याची किंमत कुठल्याही स्कॅनपेक्षा कमी नाही.

व्हेर्निकेचा संशय आला तर थायमिन शिरेतून मोठ्या मात्रेत देतात, २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. गोळीवर विसंबत नाहीत, कारण आतडं ती फार थोडी शोषतं. आधीच खंगलेल्या पेशंटला साखर सुरू करण्याआधी किंवा निदान तिच्या बरोबर थायमिन जायला हवं. रक्तातली साखर एकदम उतरलेली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही, दोन्ही एकदमच द्यायचं. आणखी एक बारकावा. थायमिनला कामाला लावायला मॅग्नेशियम लागतं. खंगलेल्या माणसाला जेवण सुरू केलं की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून झपाट्यानं उतरतात. म्हणून पहिले काही दिवस जेवण हळूहळू वाढवायचं आणि हे तिन्ही रोज तपासायचे. उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवू नये, हे शिरेतल्या जेवणालाही लागू आहे.

बरं, आता पिशवीचं काय? आजकाल टीपीएन तीन कप्प्यांच्या तयार पिशवीत येतं. एका कप्प्यात साखर, एकात अमिनो आम्लं, एकात तेल. मधल्या पट्ट्या दाबून फोडायच्या, मिसळायचं, लावायचं. फार सोयीचं आहे. पण त्या पिशवीत जीवनसत्त्वं नसतात. हे वाक्य आम्ही पुन्हा म्हणतो, कारण पिशवीकडे बघून कुणालाही वाटेल की सगळं आलं. तेलामुळे ती पांढरी दिसते, भरलेली दिसते, किंमतही भरपूर असते. जीवनसत्त्वं वेगळ्या अँप्युलमधून त्या-त्या दिवशी घालावी लागतात.

कारखान्यातच घालून का देत नाहीत? कारण ती टिकत नाहीत. क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजननं खराब होतं, तांब्याचा अंश असला तर आणखी लवकर. काही अमिनो आम्लांच्या द्रावणात टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं, ते थायमिनच तोडून टाकतं. अ जीवनसत्त्व उजेडानं मरतं, वर प्लॅस्टिकला चिकटूनही बसतं. म्हणून लावायच्या थोडं आधी मिसळायचं आणि पिशवीला काळं आवरण घालायचं. कुणाच्या पिशवीवर काळी झाकणी दिसली तर ती काढू नका. १९८० साली अमेरिकेतून दीर्घकाळ टीपीएनवर असलेल्या पेशंटला रातांधळेपण आल्याची नोंद आहे. अन्न रोज मिळत होतं, त्यातलं अ जीवनसत्त्व मात्र पुरेसं पोचत नव्हतं.

आणि ती 'पिवळी ताकदीची बाटली'? पिवळा रंग ब-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. रंग आला म्हणजे ब-२ आलं, एवढंच सिद्ध होतं. बाजारातल्या सगळ्या अँप्युलमध्ये तेराच्या तेरा जीवनसत्त्वं असतीलच असं नाही. फॉलिक आम्ल, ब-१२, के हे बऱ्याचदा गळलेले असतात. लेबल वाचून जे नाही ते वेगळं द्यावं लागतं. अमेरिकेत २००० साली नियमच बदलला. मोठ्या माणसाच्या रोजच्या मात्रेत थायमिन ३ वरून ६ मिलिग्रॅम केलं, क जीवनसत्त्व १०० वरून २०० केलं, फॉलिक आम्ल ४०० वरून ६०० मायक्रोग्रॅमवर नेलं आणि के नव्यानं घातलं.

या बाकीच्यांबद्दल थोडं थोडं बोलू. फॉलिक आम्लाची गोष्ट आपल्या मुंबईची आहे, म्हणून ती सांगायचा मोह आवरत नाही. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा, लाल पेशी कमी आणि आकारानं मोठ्या. तिनं त्यांचं राहणं-खाणं तपासलं, आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी उपाय सापडला मार्माइटमध्ये, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्कात. १९३१ साली तिनं ते छापलं. त्यात जो अनामिक घटक होता त्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच पुढे फॉलिक आम्ल ठरलं. आणि १९७०च्या दशकात ब्रिटनमधून नोंदी आल्या की शिरेतून पोषण मिळणाऱ्या आजारी पेशंटमध्ये फॉलिक आम्ल इतक्या भराभर संपतं की थोड्याच दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही ढासळतात. परळच्या गिरणी कामगार बाईचा आणि आयसीयूतल्या पेशंटचा घटक तोच.

के जीवनसत्त्व रक्त गोठायला लागतं. ते थोडं पालेभाजीतून येतं, थोडं आतड्यातल्या जिवाणूंकडून. आपल्या पेशंटचं जेवण बंद, आणि अँटिबायोटिकनं जिवाणूही गेलेले. कावीळ पित्तनळी अडल्यामुळे असेल तर तोंडानं खाल्लेलंही शोषलं जात नाही. म्हणून असल्या पेशंटला ऑपरेशनआधी केचं इंजेक्शन देतात. क जीवनसत्त्वाशिवाय जखम भरत नाही, हे बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण सर्जननं १९३९ साली स्वतःवरच करून पाहिलं. सहा महिने त्यानं क नसलेलं जेवण घेतलं. तीन महिन्यांनी पाठीवर केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली आतून भरलीच नाही. मग क शिरेतून दिलं आणि ती भरली. सर्जन लोकांचा हट्टीपणा असाही कामी येतो. बायोटिनची उणीव १९८१ साली टीपीएनवरच्या एका मुलाच्या केस गळण्यावरून ओळखली गेली.

ब-१२ला मात्र जरा थांबायला हवं. मघाशी म्हटलं की त्याचा साठा धरणासारखा. पण धरण आधीच रिकामं असेल तर? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहर, झोपडपट्टी आणि खेडी मिळून ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. जवळपास दोन तृतीयांश लोकांत ब-१२ कमी निघालं. शहरातल्या मध्यमवर्गात तर आणखी जास्त. हे जीवनसत्त्व फक्त दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळतं.

याचा शस्त्रक्रियेशी संबंध भुलेतून येतो. नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू भूल देताना वापरतात, हसवणारा वायू म्हणतात तोच. तो ब-१२च्या रेणूतल्या कोबाल्टवर हल्ला करून ते निकामी करतो. साठा भरपूर असेल तर काही बिघडत नाही. काठावर असलेल्या माणसाला मात्र ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी हातापायाला मुंग्या, जड पाय, तोल जाणं असं सुरू होऊ शकतं. तोवर तो घरी आलेला असतो आणि ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. शुद्ध शाकाहारी असाल, किंवा मुंग्यांचा त्रास आधीपासून असेल, तर भूलतज्ज्ञांना ते आधी सांगा.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की टीपीएन वाईट. अजिबात नाही. ज्याचं आतडं चालत नाही त्याला दुसरा आधारच नाही. पण आतडं थोडंही चालत असेल तर जेवण तिथूनच द्यावं, या मताचे आम्ही आहोत. लहान आतड्यात एक बारीक नळी ऑपरेशनच्या वेळीच घालून ठेवली तर तिच्यातून पातळ अन्न देता येतं. खर्च कमी, नळीचा रक्तात जंतुसंसर्ग नाही, आणि अन्नातून थोडी थोडी सगळीच जीवनसत्त्वं जातात. किती पातळ आणि किती वेगानं, हे तिथल्या आहारतज्ज्ञांकडून शिकून घ्यायचं. घाई केली तर जुलाब होतात.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, की डॉक्टरांना विचारायचं तरी काय, त्यांना राग नाही का येणार? सरळ विचारा. "साहेब, पोटात काही नाही त्याला किती दिवस झाले, आणि पिशवीत व्हिटॅमिन रोज घालताय ना?" आणि तुमच्याकडूनही एक माहिती द्या, जी फाईलमध्ये बहुतेक वेळा नसते: दवाखान्यात येण्याआधी पेशंट किती दिवसांपासून कमी जेवत होता आणि उलट्या किती दिवस होत्या. "काल पोट दुखलं म्हणून आणलं" असं सांगितलं की आधीचे दोन महिने पुसले जातात. डॉक्टर टिपाड भरलेलं आहे असं समजूनच पुढचा हिशेब करतात.

मागून एका आजोबांचा प्रश्न आहे, की अशक्तपणा आला की ते गावात महिन्याला एक बाटली लावून घेतात, ते चालू ठेवावं का? आजोबा, त्या बाटलीत ८५ कॅलरी आहेत, हे सुरुवातीला सांगितलं. त्या पैशात महिन्याची अंडी येतील. अशक्तपणा का येतो ते मात्र रक्त तपासून बघा, साखर आणि हिमोग्लोबिन तरी.

शेवटचा प्रश्न, एकांच्या वडिलांचं कॅन्सरमुळे पूर्ण जठर काढलंय, आता ते सगळं खातात, मग इंजेक्शन कशासाठी? जठरात एक पदार्थ तयार होतो, त्याच्या मदतीशिवाय ब-१२ आतड्यात शोषलं जात नाही. जठर गेलं, तो पदार्थ गेला. आधीच्या साठ्यावर ते दोन-तीन वर्षं ठणठणीत दिसतील, म्हणूनच लोक इंजेक्शन सोडतात. ते आयुष्यभर ठरल्या अंतरानं घ्यायचंय. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे सापडेल.